जमुनाबाईने दोनदा पाहिलेला सिनेमा

दरेकशाच्या जमुनाबाईने पासष्ट वर्षांत टॉकीजमध्ये जाऊन तीनच सिनेमे पाहिले होते, आणि तिन्ही देवादिकांचे. चौथा पाहिला तो रशियातल्या गुंडांचा. तोही एकाच आठवड्यात दोनदा. गावात त्याची चर्चा न होती तरच नवल. शेजारच्या नंदाबाईने तर विहिरीवर चार बायांसमोर सांगून टाकलं, "बुडीचा मोतीबिंदू काढला अन् तिले खूनखराबा पाहाची चटक लागली."

झालं ते असं. मे महिन्यात जमुनाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि महिन्याभराने डॉक्टरने तिला तपासायला गोंदियाला बोलावलं होतं. बरोबर मुलगा ओमेश, सून रीता आणि ज्युनिअर कॉलेजात शिकणारा नातू हिमांशु असे सगळेच आले. तपासणी साडेअकरालाच आटोपली. परतीची मेमू गाडी संध्याकाळची. रस्त्यावर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रीताला साड्या बघायच्या होत्या, पण दुसऱ्या दुकानातच तिला गरगरायला लागलं.

"बाबा, टॉकीजमधी बसू ना," हिमांशु म्हणाला. "एसी आहे. तीन घंटे आरामात निघतीन."

"पिक्चर कोनता आहे?" ओमेशने विचारलं.

"इंग्लिश आहे, हिंदीत केलेला. रशियाच्या माफियाचा. माह्ये सगळे दोस्त पाहून आले."

"मारामारीचाच असंल," रीता कुरकुरली.

"कुठचा म्हनलास?" जमुनाबाईने मध्येच विचारलं.

"रशियाचा, आजी."

ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिने पिशवी उचलली आणि सगळ्यांच्या आधी उभी राहिली. उन्हाने जीव घाबरला असेल म्हणून बुडी घाई करते, असं सगळ्यांना वाटलं.

सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली नव्हती तोवर तीन माणसं मेली. एकाला तर वाफेच्या न्हाणीघरात, अंगावर पंचा गुंडाळून बसलेला असताना गळ्यावरून वस्तरा फिरवून मारला, आणि पांढऱ्या फरशीवरून लाल पाणी मोरीकडे वाहत गेलेलं सावकाश दाखवलं. मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक माणूस बायको आणि छोट्या मुलीला घेऊन उठला आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर गेला. पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने बोलले, "सेन्सरवाले सो गए थे क्या?" त्यावर कोणीतरी ओरडलं, "अंकल, आप भी सो जाओ!" आणि हशा झाला. रीताने डोळ्यांवर पदर घेतला होता आणि ती पदराआडून सारखी विचारत होती, "मेला का तो? मेला का?" ओमेश मात्र सरळ होऊन बसला होता. घरी कोंबडी कापायची असली तर शेजाऱ्याला बोलावणारा हा माणूस, पण पडद्यावर गोळी सुटली की त्याची मूठ आवळत होती.

इंग्रजी बोलणारी पात्रं हिंदीत बोलत होती, पण गुंड आपसात बोलायला लागले की त्यांची रशियनच ठेवली होती आणि खाली बारीक अक्षरांत हिंदी ओळी येत होत्या. जमुनाबाई दुसरी शिकलेली. ती एक शब्द लावेपर्यंत ओळ निघून जायची. तिने वाचणं सोडलं आणि नुसती ऐकत बसली.

टोळीचा म्होरक्या आपल्या आईच्या घरी जातो असा प्रसंग आला. लहानसं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर बर्फ. म्हातारी त्याच्यासमोर लाल रश्शाचं ताट ठेवते आणि म्हणते, "कूशय, कूशय."

"खा म्हन्ते," जमुनाबाई बोलली.

हिमांशुने खालची ओळ पाहिली. 'खा ले, खा ले,' असंच लिहिलं होतं. मग आजीकडे पाहिलं. अंदाज बरोबर आला असेल, असं समजून तो पुन्हा पडद्याकडे वळला.

मध्यंतरानंतर मोठी लढाई होती. पुलाखाली, बर्फात, दोन टोळ्या. त्यात म्होरक्याच्या धाकट्या भावाच्या पोटात गोळी लागते. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, मिसरूड फुटलेला. थोरला त्याचं डोकं मांडीवर घेतो, हातातली बंदूक फेकून देतो, आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत हळूहळू म्हणतो, "तीखा, तीखा, मालिंकी. नि बोइस्या."

"तीखा" ऐकल्याबरोबर टॉकीजमध्ये हास्याचा फवारा उडाला. "मिर्ची लगी क्या भाई!" मागून कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "पानी पिलाओ उसको!" ओमेशही हसला, आणि पदराआडून रीताही.

जमुनाबाई रडत होती. हुंदका देऊन, आवाज काढून. नुकताच बरा झालेला डोळा ती पदराने चोळायला लागली तेव्हा ओमेशने घाबरून तिचा हात धरला. "माय, काय झालं? डोळा दुखून राहिला का?"

समोरचा एक पोरगा मागे वळला. "अम्मा, गुंडा है वो. बीस लोगों को मारा है उसने. उसके लिए क्या रोना?"

"चूप," जमुनाबाई म्हणाली. त्या पोराला वाटलं आपल्याला गप्प बसायला सांगितलं. तो गप्प बसला. पण ती हिमांशुला सांगत होती. "तीखा म्हंजे चूप. रडू नोको. मालिंकी म्हंजे लहान्या. तो त्याले म्हनून राहिला, चूप लहान्या, भिऊ नोको."

हिमांशुला आता ही अंदाजाची गोष्ट वाटली नाही.

सिनेमा सुटल्यावर टॉकीजबाहेर रसाच्या गाडीपाशी लोक थांबले होते. कोणी म्हणत होतं असा सिनेमा वर्षातून एकदाच येतो, कोणी म्हणत होतं पैसे फुकट गेले, नुसता मांसबाजार आहे. ते म्हातारे गृहस्थ एका अनोळखी पोराला शेवट कसा चुकीचा आहे ते समजावत होते, म्हणजे झोपले नव्हते. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, ते लोक आहेतच तसे, त्यांच्या देशात थंडीच इतकी की माणसाचं मन गोठून जातं. जमुनाबाईने त्या बाईकडे वळून पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण ओमेशने रिक्षा थांबवली.

स्टेशनावर बाकड्यावर बसल्यावर हिमांशुने विचारलंच. "आजी, तुले रशियन कशी समजते?"

"भिलाईले होतो ना आमी. साहेबलोकाच्या घरी लेकरू सांभाळत होती मी," ती म्हणाली, आणि तेवढंच म्हणाली.

घरात हे सगळ्यांना अर्धवट माहीत होतं. बुडी एकेकाळी रशियन साहेबाकडे कामाला होती, तिथे बटाट्याशिवाय काही शिजत नसे, मॅडम भातात साखर टाकत असे, अशा दोन-तीन हसण्याच्या गोष्टी ती सांगायची. लेकराची गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. ती फक्त तिच्या नवऱ्याला, शालीकरामला माहीत होती, आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

एकोणऐंशी साली जमुना वीस वर्षांची होती. शालीकराम भिलाईच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. पहिली पोरगी झाली ती आठव्या दिवशी गेली. जमुना दिवसभर खोलीत बसून राहायची, चूलही पेटवायची नाही. तेव्हा कोणा खानसाम्याने शालीकरामला सांगितलं की रशियन इंजिनिअरांच्या वसाहतीत एका बाईला मूल सांभाळायला माणूस पाहिजे. तो तिला घेऊन गेला. दार उघडलं ते ल्युदाबाईने, आणि तिच्या कडेवर अकरा महिन्यांचा कोस्त्या होता. केस पिकलेल्या धानाच्या रंगाचे. त्याने जमुनाच्या बांगड्या पाहिल्या आणि हात पुढे केला.

चार वर्षं ती त्याच्याबरोबर होती. सकाळी सहाला जायची, संध्याकाळी त्याला झोपवून यायची. 'जमुना' त्याला म्हणता येत नसे, म्हणून ती 'मूना' झाली. ल्युदाबाई लेकराशी जे बोलायची तेवढीच रशियन तिला आली. खा, झोप, इकडे ये, हात दे, चूप, भिऊ नको. त्यापुढची भाषा तिला कधी लागली नाही. आणि कोस्त्या तिच्याकडून झाडीपट्टीतली बोली उचलत गेला. दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालायची तेव्हा तो पायरीवरून ओरडायचा, "मूना, काऊन नाई येत?" आणि ल्युदाबाई खिडकीतून हसायची, काही न समजता.

त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी ल्युदाबाईने तिला चार दिवस गावी जाऊन यायला सांगितलं. स्वतः होऊन सुट्टी कधी दिली नव्हती. रेल्वेचं तिकीट काढून दिलं, साखर दिली, तिच्या आईसाठी एक गरम शाल दिली. कोस्त्या फाटकापर्यंत आला. "मूना, लवकर येजो," म्हणाला.

ती पाचव्या दिवशी परतली तेव्हा क्वार्टरला कुलूप होतं. चौकीदाराने एक कागदी पुडकं हातात ठेवलं. आत तीनचाकी सायकलवर बसलेल्या कोस्त्याचा एक फोटो, त्यामागे निळ्या शाईत रशियन अक्षरं, आणि त्याची लोकरीची टोपी. साहेबाचं काम संपलं होतं, जायची तारीख महिन्याभरापूर्वीच ठरली होती, असं चौकीदार म्हणाला. वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं, तिच्याशिवाय.

"लेकरू रडंल म्हनून मले चोरावानी धाडून देल्लं," ती त्या दिवशी शालीकरामला म्हणाली. नंतर पुन्हा कोणाच्या घरी कामाला गेली नाही. दोन वर्षांनी शालीकराम रेल्वेत गँगमन म्हणून लागला, दरेकशाला आला, ओमेश झाला. फोटो आणि टोपी पेटीच्या तळाशी गेली. मागे काय लिहिलंय ते वाचून घ्यावं असं तिला एकदाही वाटलं नाही. राग होता, तो तसाच राहिला. रागापोटी तिने फोटोही कधी पाहिला नाही, आणि पाहायला पेटी उघडायची गरजही तिला कधी पडली नाही.

मेमू निघाली. आमगाव गेलं, धानोली गेलं. हिमांशु अजून सिनेमातच होता. तो बापाला सांगत होता की ही गोष्ट नव्वदनंतरच्या काळातली आहे. त्यांचा देश फुटला, कारखाने बंद पडले, लोकांना पगार मिळेनात, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची पोरं टोळ्यांत शिरली. "मंग मेली बी तशीच," तो म्हणाला. "कबरी आहेत म्हने त्यायच्या, लायनीनं."

"कितव्या वर्साची पोरं म्हनलास?" जमुनाबाईने विचारलं.

"पंधरा-सोळा."

कोस्त्याचा जन्म अठ्ठ्याहत्तरचा. तिने बोटांवर मोजलं. एकदा मोजलं आणि पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं. सालेकसा आलं तेव्हा रीता तिला म्हणाली, "आई, पानी प्या," तर तिला ऐकू गेलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस तिचं जेवणात मन नव्हतं. घरात सिनेमावरून रोज काहीतरी बोलणं व्हायचं. रीता म्हणायची असली चित्रं लेकरांना दाखवूच नये. हिमांशु म्हणायचा ही कला आहे, तुला कळणार नाही. ओमेशचं म्हणणं, गुंडांचं काही असो, पण भावाभावांत माया होती. स्टेशनाबाहेर चहाचं दुकान असलेल्या मुन्नालालने तो सिनेमा मोबाइलवर कुठून तरी मिळवून पाहिला होता, आणि तो गिऱ्हाइकांना ठासून सांगायचा, "रशियन आदमी पैदाइशी खतरनाक होता है. दूध की जगह दारू पिलाते हैं बच्चों को." हे जमुनाबाईने साखर आणायला गेली असताना ऐकलं.

"काय्चा खतरनाक?" ती तिथेच भडकली. "दही खात होता तो. दही अन् भात. मुंगळा दिसला तं माह्या मागं लपत होता."

"कौन, चाची?" मुन्नालालने विचारलं. पण ती निघून गेली होती.

बुधवारी तिने हिमांशुला गाठलं. "मले तो पिक्चर आनखी एकदा पाहाचा आहे."

"आजी! डोळ्याले तरास होईल. अन् तू तं रडतेस."

"नाई रडत. नेजो मले."

गुरुवारी, सिनेमा उतरायच्या दिवशी, तो तिला घेऊन गेला. दुपारच्या खेळाला जेमतेम पंधरा माणसं होती. तिने पुढची रांग मागितली. या वेळी गळे कापले, गोळ्या सुटल्या, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती चेहरे पाहत होती. दारात उभा असलेला पहारेकरी, गाडी चालवणारा, दुकानात लुटला जाणारा म्हातारा, पुलावरून चाललेले लोक. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पॉपकॉर्न खात म्हणाला, "चौथी बार देख रहा हूँ मैं. आप?" ती म्हणाली, "दूसरी." तो खूश झाला. "मजा आता है ना?" तिने मान हलवली, कारण नाही म्हटलं असतं तर तो बोलत राहिला असता.

बाहेर आल्यावर हिमांशु म्हणाला, "आजी, ते नट आहेत. कोनाले पाहून राहिली होतीस?"

"समजते मले नट आहेत. पन माणसं तं तिथलीच ना?" मग रस्ता ओलांडताना त्याचा दंड धरून तिने एकदाचं सांगितलं. चार वर्षं, बांगड्या, दही-भात, कुलूप, सगळं. रस्ता ओलांडून झाला तरी तिने दंड सोडला नाही. "तो असा तं नसंल झाला ना गा? तुयासारखा असंल तवा, सोळा वर्साचा. कोनी हाती बंदूक देल्ली असंल तं?"

हिमांशुने विचारलं, "फोटो आहे का तुयापाशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली गेली. फोटोच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई मात्र टिकली होती. भाषांतरासाठी धरलेल्या मोबाइलला ते हस्ताक्षर लागेना. सायकल, चंद्र, गाय असे काहीबाही शब्द तो दाखवू लागला. हिमांशुने बराच शोध घेतल्यावर त्याला भिलाईत राहून गेलेल्या जुन्या रशियन कुटुंबांचा एक ग्रुप सापडला. कोणाचे क्वार्टरसमोरचे फोटो, कोणाचा होळीत रंगलेला चेहरा. त्याने फोटोच्या दोन्ही बाजू तिथे टाकल्या, आणि आजीचा एक छोटा व्हिडिओ काढून टाकला. "तुले जेवढे शब्द येतात तेवढे बोल," त्याने सांगितलं. ती अंगणात खुर्चीवर बसून, डोक्यावरचा पदर नीट करून, मोबाइलकडे पाहत एकेक शब्द बोलली, शाळेत उभं करून विचारल्यासारखी.

दोन दिवसांनी तमारा नावाच्या कोणा बाईने उत्तर पाठवलं. फोटोमागचा मजकूर तिने इंग्रजीत करून दिला होता. हिमांशुने तो सगळ्यांसमोर मराठीत वाचला.

"आमच्या मूनाला. माफ कर. तुला सांगितलं असतं तर तो तुला सोडून गाडीत बसला नसता, आणि तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस मलाही झालं नाही. खाली पत्ता लिहिला आहे. कोणाकडूनही लिहवून घे, पण पत्र पाठव. आम्ही वाट पाहू."

जमुनाबाई दळणातले खडे निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

"वाट पाहू, असं लिवलं?"

"हो, आजी."

"पुन्यांदा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. रीता डोळे पुसायला लागली. जमुनाबाई रडली नाही. ती उठली, परसात गेली आणि सीताफळाच्या झाडाखाली उभी राहिली. ओमेश तिच्यामागे गेला तेव्हा ती म्हणाली, "एक्केचाळीस वर्स माह्या पेटीत होतं रे ते. पोस्टमास्तराले जरी दाखवलं असतं, तरी त्यानं कोनाले तरी विचारलं असतं."

पत्त्यावर शहराचं नाव होतं झ्दानोव. नकाशात ते कुठेच नव्हतं. तमाराने कळवलं की ते नाव कधीच बदललं. आता त्याला मारियुपोल म्हणतात, आणि ते रशियात नाही, युक्रेनमध्ये आहे. ते नाव हिमांशुने दोन वर्षांपूर्वी बातम्यांत रोज ऐकलं होतं.

"तिथी लढाई झाली ना?" ओमेशने हळूच विचारलं.

"म्हंजे तो रशियाचा नोहोता?" जमुनाबाई म्हणाली.

"तवा सगळा एकच देश होता, आजी."

इतके दिवस ती त्याला ज्या माणसांत शोधत होती, त्या माणसांत तो नव्हताच. यावर सुटका मानावी की काय, ते तिला कळेना. आता रात्रीच्या बातम्यांत पडलेल्या इमारती दाखवल्या की ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसू लागली, आणि रीता चॅनल तसंच राहू द्यायची.

तमारा भली बाई निघाली. तिने ओळखीतून ओळख काढत तीन आठवडे विचारपूस केली. ल्युदाबाई दोन हजार अकरा साली वारली होती. कोस्त्या दोन हजार बावीसच्या वसंतात, लढाई पेटली तेव्हा, बायको आणि मुलीला घेऊन बाहेर पडला होता. आता तो जर्मनीतल्या एका लहान गावात गोदामात काम करतो. तमाराने त्याला व्हिडिओ दाखवला होता. रविवारी तो फोन करणार होता.

रविवारी दुपारी जमुनाबाई नवीन लुगडं नेसली. खुर्ची अंगणात ठेवावी की ओसरीत यावर बराच खल झाला. नंदाबाईही भिंतीपलीकडून येऊन बसली. फोन वाजला आणि पडद्यावर एक माणूस आला. टक्कल पडलेला, पांढरी खुरटी दाढी, जाड मान. त्याच्याशेजारी त्याची मुलगी, जिला इंग्रजी येत होतं. ती बापाचं बोलणं हिमांशुला सांगे आणि हिमांशु आजीला.

जमुनाबाई त्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती. तो तिच्याकडे पाहत होता आणि तोही शोधत होता, हे स्पष्ट दिसत होतं.

"बाबा म्हणतात," मुलगी बोलली, "मला खोटं बोलायचं नाही. मला तुमचा चेहरा आठवत नाही. काल रात्रभर प्रयत्न केला. लाल रंगाची फरशी आठवते. आणि बांगड्यांचा आवाज. पण तो खरंच आठवतो, की आईने सांगितला म्हणून आठवतो, ते माहीत नाही. आई तुमच्याबद्दल शेवटपर्यंत बोलायची. पत्र आलं नाही, मूना रागावली असेल, म्हणायची."

हिमांशुने हे सांगताना आवाज खाली घेतला. त्याला वाटलं, आजीला हे सहन होणार नाही. ती म्हणाली, "पाच वर्साचं लेकरू होतं. त्याले कसं आठवन राहील? त्याले सांग, काई हरकत नाई."

मग ती मोबाइलकडे झुकली आणि त्याला स्वतःच विचारलं, "कूशय?"

कोस्त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग त्याला हसू आवरेना आणि हसता हसता त्याने मनगटाने डोळे पुसले. त्याने मान डोलावली, बोटांनी गोल करून दाखवला. "बटाटे खाल्ले, म्हणतात," मुलगी म्हणाली.

थोडं सैल झाल्यावर हिमांशुला राहवलं नाही. त्याने त्या सिनेमाचं नाव सांगून विचारलं, पाहिला का? बापलेकीत काहीतरी बोलणं झालं आणि दोघेही हसले. मुलगी म्हणाली, "बाबा म्हणतात, ते नट रशियन नाहीतच. उच्चार इतके वाईट की घरात सगळे हसत होते. माझ्या आईला सिनेमा खूप आवडला. बाबांनी अर्ध्यात बंद केला. गोळ्यांचा आवाज त्यांना आता नको वाटतो."

"अर्ध्यात म्हंजे कवा?" जमुनाबाईने विचारलं. "तो लहाना भाऊ मरते त्याच्या आधी का नंतर?"

आधीच. तो भाग त्याने पाहिलाच नव्हता.

आणखी दहा मिनिटं फोन चालला. ओमेशने घर दाखवलं, रीताने वांग्याचं झाड दाखवलं, नंदाबाईने हात जोडले. कोस्त्याला कामावर जायचं होतं. जाता जाता तो सरळ जमुनाबाईकडे पाहून काहीतरी लांबलचक बोलला, मुलीने ते सांगायच्या आत फोन कटला. परत लागला नाही.

"काय म्हनला तो?" ती विचारत राहिली.

"पुढच्या वेळी विचारू, आजी."

संध्याकाळी ती हिमांशुला म्हणाली, "मले लेकराशी बोलाचीच भाषा येते गा. मोठ्या माणसाले काय विचाराव, ते नाई येत. तू शिकव."

तेव्हापासून ती शिकते आहे. हिमांशु मोबाइलवर शब्द लावून देतो, ती ऐकते आणि म्हणते. काम. घर. पाऊस. पाठ दुखते का. मुलगी कितवीत आहे. सुरुवातीला मुन्नालालच्या दुकानातले लोक हसायचे. आता मुन्नालालच तिला साखर तोलताना विचारतो, "चाची, आज का नया शब्द?" रशियन माणसं कशी असतात यावर तो आताशा फारसं बोलत नाही. नंदाबाईने तो सिनेमा मुद्दाम मागून घेतला, पाहिला, आणि विहिरीवर सांगितलं की आपल्याला तर झोपच आली, पण तो भाऊ मेला तिथे मात्र वाईट वाटलं.

कोस्त्याचा दुसरा फोन पोळ्याच्या सुमारास आला, चार मिनिटांचा. तिसरा दिवाळीत येणार होता. दिवाळी होऊन तीन महिने झाले. त्याची ड्यूटी बदलली आहे, असं मुलीने एकदा लिहून पाठवलं होतं. ओमेश म्हणतो आपणच लावू. ती नको म्हणते. लावला आणि तो कामावर असला तर त्याची पंचाईत होईल.

दुपारी जेवणं झाली की ती ओसरीत मोबाइल मांडीवर घेऊन बसते. सध्याचा शब्द तिला जड जातो आहे. 'उस्ताल'. थकलास का, असा त्याचा अर्थ. शेवटचा ल नीट उठत नाही. रेल्वेची मालगाडी जाते तेव्हा मोबाइलचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती थांबते, सगळे डबे जाऊ देते, आणि पुन्हा म्हणून पाहते.